लोकरीचा हलवा

कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला मी मोकळी. माझ्या नणंदेच्या मुलाच्या बोरन्हाणासाठी मी लोकरीचं काळं झबलं विणलं, त्यावर पांढऱ्या लोकरीचा टपोरा हलवा फुलवला, आणि तो सगळाच्या सगळा आतल्या बाजूला फुलवला. एखादा दाणा चुकून नव्हे. सगळा. बाहेरून बघणाऱ्याला काळ्यावर पांढऱ्या खळ्या आणि आतून बाळाच्या पोटाला गुदगुल्या! झबलं बाळाच्या अंगात जाईपर्यंत मला हे कळलं नव्हतं का? कळलं होतं. मग मी काय केलं? तेच तर सांगायला बसले आहे.

यंदा पुण्यात थंडी जरा मन लावून पडली आहे. सकाळी गॅलरीत गेलं की नाकाचा शेंडा आपला राहत नाही. मंडईत पावटा आला, सोलाणा आला, ती गुलाबी कोवळी गाजरं आली, बोरांच्या पाट्या आल्या. खालच्या मजल्यावर कुणीतरी तीळ भाजले की तो वास जिना चढून सरळ माझ्या स्वयंपाकघरात येतो, बेल न वाजवता. आणि दर वर्षी या वासाबरोबर माझी बोटं वळवळायला लागतात. ऐंशीच्या घरातल्या बाईची बोटं सकाळी खरं तर आखडलेली असतात, पण पौष आला की त्यांना कुणी सांगितलेलं नसतं की तुम्ही म्हातारी झालात.

त्यात यंदा गौरीचा फोन. गौरी माझी नात. पुण्याच्या टोकाला, मांजरी गावात बाराव्या मजल्यावर राहते, खिडकीतून एका बाजूला उसाची शेतं आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्यांच्या खिडक्या दिसतात. तिची लेक ओवी, माझी पणती, हिची ही पहिली संक्रांत.

"आजी, ओवीच्या बोरन्हाणाला सगळा रेडीमेड सेट मिळतोय ऑनलाइन. काळं झबलं, हलव्याचे दागिने, मुकुट, सगळं. ऑर्डर करू?"

"कर की. आणि ओवीलाही फोनसमोरच बसव. बोरंही आपण ऑनलाइनच टाकू तिच्या डोक्यावर."

पलीकडे गौरी हसली. मग, "बरं, मग तू शिकव. तो कसला तरी उठावाचा टाका तुला येतो ना? बाबा सांगतात ती झबल्याची स्टोरी."

झबल्याची स्टोरी! म्हणजे माझ्या मूर्खपणाची कीर्ती मांजरीपर्यंत पोचली होती तर. पण खरं सांगते, मला इतका आनंद झाला की मी फोन ठेवायच्या आधीच लोकरीचा डबा शोधायला उठले. फोन तसाच चालू राहिला आणि गौरीला बराच वेळ कपाटाचे आवाज ऐकू आले म्हणे.

काळी लोकर संपलेली होती. कसबा पेठेत गल्लीच्या तोंडाशी एक लहानसं लोकरीचं दुकान आहे, तिथे गेले. दुकानदार चष्म्यावरून बघून म्हणाले, "संक्रांत दर वर्षी येते, आजी. आणि तुम्ही दर वर्षी आदल्या आठवड्यात येता."

"तुमची भेट व्हावी म्हणून," मी म्हटलं. गृहस्थ पहिल्यांदाच हसले. काळा गुंडा पिशवीत टाकून परत येताना मी इतक्या भरभर चालले की वाटेत ओळखीच्या एकीनं विचारलं, "काय हो, कुणाचं काही झालं का?"

त्या टाक्याबद्दल आधी सांगते, म्हणजे ज्यांनी क्रोशाची सुई कधी हातात धरली नाही त्यांनाही माझ्या मूर्खपणाचा पुरता आनंद घेता येईल.

क्रोशामध्ये साधा उभा टाका असतो, त्याला खांब म्हणतात. एका घरात एक खांब, शेजारच्या घरात दुसरा, असं ओळीनं उभं राहायचं. शहाण्या माणसांसारखं. हलव्याच्या टाक्यात मात्र एकाच घरात पाच खांब कोंबायचे. आणि एकही पुरा करायचा नाही. प्रत्येकाचा शेवटचा फास सुईवर तसाच राखून ठेवायचा. सुईवर नुसती गर्दी होते. मग दोरा घ्यायचा, श्वास रोखायचा, आणि एका दमात सगळ्या फासांमधून ओढून काढायचा. पाचांना उभं राहायला जागा एकट्याचीच. मग ते बिचारे काय करणार? पोट पुढे काढतात. त्या क्षणी लोकरीत जे टुपकन काहीतरी फुगतं ना, ते बोटाला कळतं. अहा! मला आजही ते झालं की कुणाला तरी हाक मारून दाखवावंसं वाटतं.

मेख एवढीच की ते पोट पुढे काढतात म्हणजे कुणाच्या पुढे? विणणाऱ्याच्या नव्हे. विणणाऱ्याकडे ते पाठ करतात. फुगवटा येतो तो कापडाच्या मागल्या बाजूला. म्हणून हलव्याची ओळ नेहमी काम उलटं धरून विणायची, म्हणजे फुगवटा सुलट बाजूला येतो. इतकं सोपं आहे हे. मला परवा गौरीला सांगायला एक वाक्य लागलं. मला मात्र ते वाक्य ऐकायला वेळ नव्हता.

तेव्हा मी नुकतीच लग्न होऊन वर्ध्याहून शनिवार पेठेत आले होते. बी.ए.ला इंग्रजी घेतलेलं, दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या, आणि डोक्यात असं की जगातली कुठलीही गोष्ट आपल्याला अर्ध्या वाक्यात कळते. त्या मुलीचा एक फोटो आमच्या हॉलमध्ये आहे. मान अशी ताठ, जणू तिच्या मानेवरच शनिवारवाडा उभा आहे. मी येता-जाता तिला म्हणते, "काय गं शहाणे, उलटून बघितलंस का?"

वर्ध्याच्या आमच्या घरात मी क्रोशानं इतके गोल रुमाल विणले होते की रुमाल नाही अशी घरात एकच वस्तू उरली होती, आमचे वडील. रेडिओवर रुमाल, तांब्यावर रुमाल, रुमालांच्या डब्यावर रुमाल. आणि गोल रुमालाची गंमत अशी की तो मधून सुरू करून गोल गोल बाहेर जातो. तो कधी उलटावा लागत नाही. सुलट बाजू सदा आपल्या तोंडासमोर. त्यामुळे विणकामाला दुसरीही बाजू असते, हे मला खरोखरच माहीत नव्हतं. माझं अख्खं आयुष्यच तेव्हा तसं चाललं होतं म्हणा ना.

आणि सासर कसं? दोन खोल्या, एक गॅलरी आणि सासूबाई. सासूबाई उंच, सडसडीत, आवाज कधीही न चढवणाऱ्या. त्यांना त्याची गरज पडत नसे. त्यांच्याकडे कौतुकाचे तीन शब्द होते. "ठीक", "चालेल" आणि फारच झालं तर "बरं झालंय". "छान" हा शब्द त्या घरात पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबशांसारखा होता. होता, पण फडताळात वर.

मी पहिल्या महिन्यात मोठ्या हौसेनं सांबारवडी केली. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, ती भरपूर भरून तळायची. सासूबाईंनी एक घास घेतला, वडी दोन्ही बाजूंनी न्याहाळली आणि विचारलं, "यात वडी कुठे आहे?" मग दुसरी घेतली. मग म्हणाल्या, "चालेल."

दुसऱ्या दिवशी मी पदार्थ बदलला. उत्तर बदललं नाही. "काय करून राहिलीस?" असं माझ्याच बोलीत त्या कधीकधी विचारायच्या, चेहरा इतका सरळ ठेवून की ही थट्टा आहे की आपुलकी, हे ठरवण्यात माझी अख्खी दुपार जायची. मला घर, संसार, नवरा सगळं मिळालं होतं. मला हवं होतं ते एवढंच, की या बाईंच्या तोंडून एकदा, एकदाच, "छान" बाहेर पडावं. माझ्या कुठल्याही गोष्टीला. भाजीला नाही तर नाही, निदान रांगोळीला. त्या एका शब्दासाठी मी काय काय केलं हे आठवलं की आज हसून हसून पोट दुखतं. तेव्हा मात्र रात्री उशी ओली व्हायची, हेही खरंच आहे.

सासूबाईंचा हलवा मात्र गल्लीत प्रसिद्ध. थंडी पडली की दुपारची जेवणं आटोपून त्या शेगडीवर मंद निखारे ठेवायच्या, वर पितळी परात, परातीत तीळ आणि खसखस. चमच्यानं साखरेचा पाक थेंब थेंब सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी फिरवत राहायचं. फिरवत राहायचं. पुन्हा फिरवायचं. किती तरी दुपारी. मग एखाद्या दिवशी त्या गुळगुळीत दाण्यावर पहिली टोकं दिसायला लागतात. त्याला काटा येणं म्हणतात. काटा थंडीत येतो आणि शांत हाताला येतो. परातीत दाणे फिरल्याचा तो आवाज, सुकी वाळू कुणीतरी हळूहळू कुशीवर वळवतंय असा, तो माझ्या कानात आत्ताही आहे.

त्या वर्षी शैलाच्या, म्हणजे माझ्या नणंदेच्या, पहिल्या मुलाचं बोरन्हाण आमच्याकडे ठरलं. शैला कसब्यात दिलेली, सासर हाकेच्या अंतरावर, आणि तिची सासू जिभेनं सासूबाईंच्याही वरताण. तयारीला उधाण आलं होतं. मी परातीपाशी गेले आणि म्हटलं, "आई, मी फिरवू?"

"नको. तुझ्या हाताला घाई आहे."

"मी हळू फिरवीन ना."

"तू हळू म्हणतेसही घाईघाईनं."

आता सांगा, यावर माणसानं काय करावं? एखादी शहाणी सून गप्प बसली असती. मी म्हटलं, "ठीक आहे. मग मी लोकरीचा हलवा करते. बाळाच्या काळ्या झबल्यावर. असा टपोरा काटा आणते की बघत राहाल. आणि त्याला मुंग्या लागणार नाहीत."

सासूबाई परातीतून मान वर न करता म्हणाल्या, "आणि तो खाताही येणार नाही."

मी संध्याकाळच्या आत साऱ्या आळीला सांगून टाकलं की बाळाचं झबलं मी करणार. मग खाली नलूताईंकडे गेले, कारण तो टाका मला येत नव्हता.

नलूताई शाळेत शिकवायच्या. बस चुकली तरी न घाबरणाऱ्या, विणत उभ्या राहणाऱ्या बाई. त्यांनी सुई घेतली, एका घरात पाच खांब घातले, फास राखले, दोरा ओढला. टुप! माझ्या डोळ्यांसमोर लोकरीचा दाणा. मी उडालेच. "आलं, आलं!" मी म्हटलं.

"अगं थांब, पुढे..."

"कळलं मला, नलूताई!" आणि दोन दोन पायऱ्या चढत मी वर. त्या जिन्यातून काहीतरी म्हणत होत्या. नाताळच्या सुट्टीत त्या भावाकडे कोकणात गेल्या त्या रजा वाढवून संक्रांत उलटून गेल्यावर आल्या. त्या जिन्यात काय म्हणत होत्या ते मला तेव्हा कळलं. "पुढे काम उलटव."

तर मी बसले विणायला. ओळ संपली की काम उलटून परत यायचं असतं. मी गोल रुमालवाली! मी काय करावं? ओळ संपली की दोरा तोडायची आणि पुन्हा उजव्या टोकापासून नवीन सुरुवात. दर ओळीला. दोन्ही कडांना दोऱ्यांच्या मिशा लोंबायला लागल्या. एवढी मेहनत करून चूक करणारी माणसं जगात थोडीच असतील, पण मी त्यांच्यात पहिली. सुलट बाजू सदैव माझ्या तोंडासमोर राहावी यासाठी मी कष्ट घेत होते!

माझी बसायची जागा भिंतीशी, समोर शेगडीपाशी सासूबाई. मध्ये दोन हातांचं अंतर. परातीचा आवाज, पाकाचा वास, गॅलरीतून येणारं तिरपं ऊन. आम्ही दोघी दुपारभर तशा बसायचो आणि बोलायचो म्हणजे अगदीच थोडं. मी मान वर केली की त्या माझ्या हातांकडे बघत असायच्या. मी बघितलं की नजर परातीत. मला वाटायचं, चुका मोजताहेत. म्हणून मी अजून ताठ बसायची, काम छातीसमोर असं उभं धरायची आणि अजून भरभर विणायची.

माझ्या बाजूनं दिसत होत्या नुसत्या पांढऱ्या खळ्या. पण मी बी.ए. ना! मी ठरवलं की हे धुतल्यावर फुगणार. पापड नाही का तेलात पडल्यावर फुगत? मला आजवर कुणी विचारलेलं नाही की लोकर आणि पापड यांचं नातं काय. विचारलं असतं तर माझ्याकडे त्याचंही उत्तर होतं.

भोगीच्या दिवशी दुपारी, घरात तिळाच्या भाकरीचा आणि मिसळीच्या भाजीचा घमघमाट सुटलेला असताना, मी झबल्याच्या बाजू शिवल्या, बंद लावले आणि आत हात घालून ताणून बघितलं. आतून सगळ्या हाताला गोळे गोळे लागले. सगळा हलवा आत! आता कुणीही माणूस काय करेल? झबलं उलटं करेल. मला ते सुचलंच नाही. माझ्या डोक्यात सुलट बाजू ठरलेली होती, ती कशी उलट होईल? मी अंगठ्यानं एकेक दाणा आतून बाहेर ढकलायला सुरुवात केली. टुप, टुप, टुप. बाहेर आले की! सगळे बाहेर आले. काळ्यावर पांढरा असा टपोरा हलवा दिसायला लागला की मला स्वतःलाच टाळी द्यावीशी वाटली. मी ते झबलं श्वाससुद्धा न सोडता ताटात ठेवलं आणि वर रुमाल झाकला. रुमाल होतेच.

बोरन्हाणाच्या दिवशी खोलीत इतक्या बायका की बसल्या जागी पदर सोडवायला दुसरीची परवानगी घ्यावी लागत होती. पाटावर बाळ. गुटगुटीत, हसरं, हाताला सापडेल ते तोंडात घालणारं. मी ताट आणलं आणि रुमाल बाजूला केला.

"अय्या!"

तो "अय्या" मी आजही जपून ठेवला आहे. कसब्याच्या विहीणबाई पुढे वाकल्या, चष्मा वर केला, म्हणाल्या, "खरा की काय?" मी सासूबाईंकडे बघितलं. आता येणार, मला वाटलं. आता "छान" येणार. सासूबाईंनी बाळाला उचललं आणि झबलं घालायला घेतलं.

एक हात आत गेला. टुप. खांद्यावरचा एक दाणा दिसेनासा झाला. दुसरा हात गेला. टुप, टुप. बंद बांधताना झबलं पोटावर ताणलं गेलं, आणि मग काही विचारू नका. आतल्या गोळ्यांनी बाळाला गुदगुल्या व्हायला लागल्या, बाळ खिदळायला लागलं, खिदळलं की पोट उडायचं, पोट उडालं की आणखी दाणे आत, ते आत गेले की आणखी गुदगुल्या! बघता बघता सगळ्यांच्या डोळ्यांदेखत माझा हलवा एकेक करून मावळला.

"अगंबाई, हलवा चालला!" कुणीतरी ओरडलं.

विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, "पाक कच्चा राहिला असेल."

खोली अशी हसली की गॅलरीतली कबुतरं उडाली. मी ताट छातीशी धरून उभी. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी बंद सोडले, झबलं काढलं, बाही धरून झटक्यात उलटं केलं आणि परत बाळाच्या अंगात घातलं. "उलटं घातलं होतं," एवढंच म्हणाल्या.

आणि तिथे होता माझा हलवा. सगळाच्या सगळा, ताठ, टपोरा, आता कितीही ताणा, तसूभर न हलणारा. शिवणी बाहेर आल्या होत्या, कडांच्या मिशा बाळाच्या दोन्ही काखांतून डोकावत होत्या, पण कुणाचं तिकडे लक्षच नव्हतं. बाळानं खांद्यावरचा एक दाणा पकडला आणि चोखायला लागलं. मग बोरं आली, उसाचे करवे आले, चुरमुरे, हलवा, डोक्यावरून सगळा पाऊस. पोरं जमिनीवर पालथी पडली. तो बाळ आता टकला आणि ढेरपोट्या झाला आहे, बँकेत मोठ्या हुद्द्यावर होता. पण अजूनही त्याच्या पोटाला बोट लावलं की तस्साच खिदळतो. मी संधी सोडत नाही.

हे सगळं मला परवा आठवलं ते गौरीमुळे. ती ओवीला घेऊन आली होती. ओवी सतरंजीवर झोपलेली, गौरी सोफ्यावर, मी तिच्या समोर खुर्चीत. मोबाइलवर कुणी परदेशी बाई टाका दाखवत होती. मी म्हटलं, "तिला आधी थोडी बडबड करू दे. मग मी सांगते."

"आजी, ह्या टाक्याला बॉबल स्टिच म्हणतात."

"आमच्याकडे हलव्याचा टाका म्हणतात."

"आमच्याकडे म्हणजे कुणाकडे?"

"माझ्याकडे."

काम उलटं धर, हे मी सांगणार होते. अगदी जिभेवर आलं होतं. पण तिनं पहिला दाणा घातला तो सुलट धरूनच, आणि "आलं, आलं!" म्हणाली. ते ऐकल्यावर मी तोंड मिटून घेतलं. माझ्यातली दुष्ट म्हातारी जागी झाली, दुसरं काय. तिनं दुसरा घातला. तिसरा. गौरीच्या कपाळाला आठ्या. "आजी, यात टेक्स्चरच येत नाहीये! सगळं फ्लॅट. नुसते खड्डे. मी काहीतरी चुकतेय. मला नाही जमणार, मी ऑर्डरच करते."

आणि मी? मी खुर्चीत पुढे सरकून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बघत होते. कारण तिच्या हातातल्या त्या काळ्या पट्टीवर, माझ्या बाजूला, एकेक पांढरा दाणा टपकन उमलत होता. पाच खांब, दोरा ओढला, टुप! काय सुंदर! इतक्या वर्षांत हे दाणे मी असे जन्मताना कधी बघितलेच नव्हते. विणणाऱ्याला ते दिसतच नाही. ते समोरच्याचं नशीब.

"ऊठ," मी म्हटलं. "माझ्या खुर्चीत ये."

"का?"

"ये गं. प्रश्न नंतर."

जागा बदलल्या. मी तिचं काम माझ्या हातात तसंच धरलं आणि पुढचा दाणा घातला. समोर बसलेल्या माझ्या नातीनं "ओ माय गॉड!" म्हणून अशी किंकाळी फोडली की ओवी दचकून उठली आणि आम्हा दोघींकडे आळीपाळीनं बघायला लागली. मग ते एक वाक्य मी तिला सांगितलं. मग आम्ही तिघींनी मिळून ती पट्टी उलट-सुलट, उलट-सुलट किती वेळ केली, कोण जाणे. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. वरणाचं पिठलं झालं. चालेल.

आणि त्या रिकाम्या झालेल्या सोफ्यावर, म्हणजे विणणाऱ्याच्या जागेवर, बसल्या बसल्या मला एकदम त्या बोरन्हाणाची संध्याकाळ आठवली. तशी ती मी कधी विसरले नव्हते. पण ती मला नीट दिसली ती परवा.

सगळ्या बायका गेल्या होत्या. शैला बाळाला घेऊन आत निजली होती. सतरंजीच्या घड्यांतून बोरं निघत होती, पाटाखालून चुरमुरे. सासूबाई झाडत होत्या आणि मी वेचत होते. झबलं खुंटीला टांगलेलं, तसंच, शिवणी बाहेर. मला वाटत होतं की बाईंनी सगळ्यांसमोर माझी लाज राखली, माझी चूक "उलटं घातलं होतं" म्हणून स्वतःवर घेतली. आणि त्यानं मला फारच ओशाळल्यासारखं झालं होतं. "छान" राहिलं बाजूला, आता आयुष्यभर "चालेल"सुद्धा मिळायचं नाही. शेवटी मी मूठभर बोरं हातात घेऊन तशीच उभी राहिले आणि म्हटलं, "आई, तुम्ही ते उलटं नव्हतं घातलं. मी विणलंच चुकीचं. सगळा काटा मागे गेला. मला कळलंच नाही शेवटपर्यंत."

सासूबाईंनी झाडू थांबवला. खुंटीवरच्या झबल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना खरंच काही समजत नसावं, असा चेहरा.

"मागे कुठे? अगं, मी रोज समोर बसत होते ना. इतका छान दिसत होता काटा माझ्या बाजूनं! मला वाटलं, मला दिसावा म्हणूनच तू तसं धरून विणतेयस."